नवसाचं वजन

घाटनांदूरला माझी पिठाची गिरणी आहे. दळण आलं की डबा मोजायचा, दळून झाल्यावर पुन्हा मोजायचा आणि मध्ये किती तूट आली ते गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचं, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. देवाच्या बाबतीत मात्र मला कायम एक शंका असे. तिथं आपण काय देतो ते दिसतं, परत काय येतं ते दिसत नाही, आणि तूट किती आली ते सांगायला कुणी बसलेलं नसतं. दर नवरात्रात मी आंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जात होतो, नारळही फोडत होतो, पण रांगेत उभं राहून मनात यायचं की हा एकतर्फी व्यवहार आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, सुमनला, स्तनाचा कॅन्सर निघाला. त्यानंतर जे घडलं ते जसं घडलं तसं लिहितो आहे. त्यात माझी जिथं जिथं शोभा झाली ती गाळलेली नाही.

गाठ सुमनलाच अंघोळ करताना हाताला लागली होती. तिनं ती तीन महिने कुणाला सांगितली नाही. का सांगितली नाहीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, लग्नसराईची दळणं होती. आमच्या गिरणीत चक्की मी चालवतो पण कारभार तिचा. कोणता डबा कुणाचा हे ती झाकणावरून ओळखते. कुणाला जाड लागतं, कुणाला बारीक, कुणाच्या सासूला ज्वारीत चार दाणे उडीद हवे असतात, हे सगळं तिच्या डोक्यात. ती गिरणीत नसेल तर काय होतं हे मला पुढे कळलं, आणि गल्लीलाही कळलं.

लातूरच्या एका दवाखान्यात निदान झालं त्या संध्याकाळी मी दोनशे पानांची नवी वही घेतली. लोक अशा वेळी रडतात असं ऐकलं होतं. मला रडता आलं नाही, म्हणून मी समास आखला. प्रत्येक पानावर वर लिहिलं, ‘सुमनचा आजार’, आणि पहिली नोंद केली: वही, पंचेचाळीस रुपये.

सरकारी योजनेत ऑपरेशन बसलं, केमोची औषधं बसली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आजाराचा खर्च औषधात नसतो. तो एस.टी.त असतो, लॉजवर असतो, निदान व्हायच्या आधीच्या तपासण्यांत असतो. बाहेरून आणायच्या इंजेक्शनांत असतो. नातेवाईक भेटायला येतात त्यांच्या चहात असतो आणि बंद गिरणीच्या कुलपात असतो. ऑपरेशनला सरकारनं माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, पण त्या ऑपरेशनच्या झेरॉक्सला चारशे बारा रुपये गेले. बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आजारी माणूस अर्ध्यात जायचा आणि धडधाकट माणूस पूर्ण पैसे भरायचा. केस गेले तेव्हा टोपाची चौकशी केली. किंमत ऐकून सुमन म्हणाली, पदर आहे ना डोक्यावर घ्यायला. वहीत नोंद आहे: टोप, शून्य. नारळपाणी चाळीस रुपये, त्यातलं अर्धं सांडलं. तेही लिहिलं. खोटं लिहून काय करायचं?

ऑपरेशननंतर एका बाजूला काहीच उरलं नव्हतं. ब्लाउजच्या आत बसवायचा जो तयार भाग मिळतो त्याची किंमत सुमनला पटली नाही. तिनं मऊ सुती कापडाची पिशवी शिवली, त्यात मोहरी भरली आणि ती पिशवी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, मोजा. दोन्हीकडचं वजन सारखं नसेल तर खांदा एकीकडे ओढतो, असं सिस्टरनं सांगितलं होतं. मी किराणा मोजायच्या छोट्या काट्यावर तीनदा मोजून दोनशे ऐंशी ग्रॅम ठरवलं. ती मोहरी महिन्यानं बदलायची. जुनी मोहरी फोडणीला चालेल का, असं मी विचारलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

नवसाचं डोकं माझ्या थोरल्या बहिणीचं. अक्का परळीहून आली, सुमनला मिठी मारून रडली आणि नंतर मला अंगणात घेऊन म्हणाली, “योगेश्वरीला काही बोललास का?” मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, “मग कुणाच्या भरवशावर बसलाय? सुमनच्या वजनाइतकं पीठ बोल. गिरणीवाला आहेस, तुला काय जड आहे?” या नवसाला तुला म्हणतात, म्हणजे तराजूच्या एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात गूळ, धान्य, जे बोललं असेल ते. मी देवीचा फोटो समोर घेऊन बोललो, पण माझ्या पद्धतीनं बोललो: सगळे आठ डोस आणि नंतरची शेकाई, म्हणजे रेडिएशन, पुरी झाली आणि सहा महिन्यांच्या तपासणीत काही निघालं नाही, तर सुमनच्या वजनाइतकं गव्हाचं पीठ गरजवंताला देईन, दळणाचे पैसे धरणार नाही. अक्का म्हणाली, देवीला अटी घालतोस? मी म्हणालो, उधारीवर माल देताना सगळेच घालतात. त्या दिवशी सुमनचं वजन बासष्ट किलो होतं. वहीत तरतूद केली.

अडचण पुढे आली. केमोच्या प्रत्येक वेळी सिस्टर आधी वजन घ्यायची, कारण औषध वजनावर ठरतं. दुसऱ्या वेळी साठ भरलं, तिसऱ्या वेळी अठ्ठावन्न, चौथ्या वेळी छप्पन्न. मी सवयीनं प्रत्येक आकडा नवसाच्या नोंदीखाली लिहीत गेलो. चौथ्या वेळी लॉजवर परत येताना माझ्या लक्षात आलं की सुमन वाळत चालली तसा नवस स्वस्त होत चालला आहे, आणि गव्हाच्या भावानं गुणाकार करून किती वाचले हेही माझ्या डोक्यात तयार होतं. तो आकडा मी लिहिला नाही. पण आला होता हे खरं, आणि आजही ते आठवलं की मी देवीच्या फोटोकडे बघत नाही.

तिकडे गिरणीत गोंधळ चालला होता. डॉक्टरांनी सुमनला गर्दी आणि पिठाची धूळ दोन्ही वर्ज्य केली होती. मी एकटा. एका शनिवारी सहा डबे दळले आणि सहाही चुकीच्या घरी गेले. संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या आणि फार शांतपणे म्हणाल्या, भावजी, पाहुण्यांना पुरणपोळी करायची होती, पीठ बाजरीचं निघालं. दुसऱ्या कुणाची ज्वारी गुरवाच्या घरी गेली होती आणि गुरवाचा गहू कुठं गेला ते तेव्हा समजलं नाही. सुमन घरात पडल्या पडल्या हे ऐकत होती. मी वहीत लिहिलं: नुकसान भरपाई, गहू पाच किलो.

पाचव्या डोसाच्या दिवशी आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. जानेवारीची थंडी होती. खिडकीच्या फटीतून वारा येत होता म्हणून मी मफलर घेण्यासाठी पिशवी उघडली, आणि मफलरबरोबर वही तिच्या मांडीवर पडली. मी काही लपवून ठेवलेलं नव्हतं. पण तिनं कधी मागितली नव्हती आणि मी कधी दाखवली नव्हती. तिनं ती उघडली आणि लातूर येईपर्यंत पानामागून पान वाचत राहिली. मधे एकदा फक्त म्हणाली, “सांडलेलं नारळपाणी पण?” मी म्हणालो, पैसे दिले होते ना.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाचं झाड आहे, त्याखाली सिमेंटचा ओटा. सुमन तिथं बसली आणि म्हणाली, “मी आत येत नाही.”

मला वाटलं, चक्कर आली. तसं नव्हतं. तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. “एक लाख चौदा हजार झाले. अजून चार डोस, मग शेकाई. ऑपरेशनमध्ये गाठ गेली, चार डोस झाले, तेवढं बास. एवढ्यात नवी चक्की आली असती. आणि चक्की आजारी पडत नाही.”

खरं म्हणजे इथं नवऱ्यानं काहीतरी चांगलं बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, “पडते की. तिचा दगड झिजतो, त्याला दर दोन महिन्यांनी छिन्नीनं टाकी लावावी लागते.”

मी पुष्कळ बोललो. डॉक्टरांनी आठ म्हणजे आठ सांगितलेत, औषध मध्येच सोडलं तर आधीचंही वाया जाईल, असं म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं की हाही हिशेबच आहे. ती मान हलवत राहिली. शेवटी म्हणाली, “वर माझं नाव आहे. दोनशे पानांची वही आणि सगळ्या पानांवर माझंच नाव. मला नको एवढी महाग व्हायला.” नंबर सातवा होता. आत तिसरा चालू असेल. हा डोस चुकला तर पुढचं सगळं चुकणार, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मी तिथं उभा राहून मनात म्हणालो, योगेश्वरी, अटी मागे घेतो, तू बघ काय ते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी भाव न ठरवता काही मागितलं.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई फडक्यात बांधलेली भाकरी खात होती. काळी, काटक, हाताला चरे पडलेले. माझ्याच वयाची असेल. तिनं घास गिळला आणि विचारलं, “भाऊ, त्या वहीत काय हाय येवढं?”

एरवी मी परक्या माणसाला वही दाखवत नाही. त्या दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, वाचा की. मी वाचायला लागलो. झेरॉक्सपाशी ती हसली, नारळपाण्यापाशी सुमनकडे बघून हसली. मग म्हणाली, “आन सगळ्यात वर काय लिवलंय?”

“सुमनचा आजार.”

“तिच्या येकटीच्या नावावर कावून?”

मी म्हणालो, आजार तिला आहे.

“आस्सं व्हय,” ती म्हणाली आणि फडकं बांधायला लागली. ती शिरूर कासारकडची होती, ऊसतोडीला जाणारी. बांधता बांधता तिनं सांगितलं ते मी होता होईल तेवढं तिच्याच शब्दांत लिहितो. “आमच्यात कोयता म्हनजे येक मानूस न्हाई, नवरा-बायको मिळून येक कोयता. उचल कोयत्यावर मिळती. औंदा माज्या मालकाच्या पायावरनं उसाच्या गाडीचं चाक गेलं, त्यो आत हाय वार्डात. मी धडधाकट हाय, माजे दोनी हात हायेत. तरी मुकादम म्हनला घरी जा. कावून? तर अर्ध्या कोयत्याला कुनी इचारीत न्हाई. आता ह्यो दवाखान्याचा खर्च त्याचा का माजा, सांगा बरं भाऊ. तुमी लई हिशेबी हाव.”

मी वहीची पानं मागेपुढे उलटली.

मग ती सुमनकडे वळली. “आन तू गं बाई. खर्च नगं म्हनतीस. तू न्हाई ऱ्हायली तर ह्येंची गिरनी कोन चालवील?”

सुमननं पदर तोंडावर ओढला. मग पदराआडून आवाज आला, “मागल्या महिन्यात ह्यांनी वहिनींच्या पाहुण्यांना बाजरीची पुरणपोळी खाऊ घातली असती.” आणि ती हसली. निदान झाल्यापासून ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. ती बाईही हसली, आणि मलाच काय करावं ते कळेना.

“खोडा ते नाव,” बाई म्हणाली.

इथं पुन्हा माझी अडचण झाली. मी आयुष्यात वहीत खाडाखोड केलेली नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवायची आणि खाली दुरुस्तीची नोंद करायची, हा माझ्या वडिलांनी लावलेला नियम. मी तिला ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग लिवा खाली. पर लवकर लिवा, तिचा नंबर जाईल.” मी तिथंच गुडघ्यावर वही धरून लिहिलं: ‘वरील नाव चुकून पडले. हा खर्च एका कोयत्याचा आहे.’ तारीख घातली, खाली सही केली. सुमननं वही ओढून घेतली, वाचली, आणि उठून उभी राहिली. “चला,” ती म्हणाली, “सातवा लागला असेल.”

सातवाच लागला होता.

सलाईन सुरू झाल्यावर मी त्या बाईसाठी चहा घेऊन बाहेर आलो. ओट्यावर कुणी नव्हतं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. पुरुषांच्या वॉर्डात जाऊन मी पाय मोडलेल्या ऊसतोड कामगाराची चौकशी केली; पाय मोडलेले पाच जण होते, तिघे झोपले होते आणि उरलेल्या दोघांच्या बायका वेगळ्या होत्या. मी याला चमत्कार म्हणत नाही. ती औषध आणायला गेली असेल, नवऱ्याला दुसरीकडे नेलं असेल. ज्या गोष्टीची पावती नाही ती मी ठामपणे लिहीत नाही. पण मी अटी मागे घेतल्या आणि ओट्याच्या त्या टोकाकडून प्रश्न आला, या दोन्हींत एका घासाचं अंतर होतं. तेवढं मात्र मी मोजलेलं आहे. वहीत त्या दिवशीची शेवटची नोंद: चहा, दहा रुपये, ताईसाठी, स्वतः प्यायलो.

आठही डोस झाले. शेकाई झाली. सुमनचं वजन आधी सुजेनं वाढलं, मग उतरलं, मग भाकरीनं वाढलं. मी ते नवसाखाली लिहिणं सोडून दिलं होतं. उन्हाळा संपताना ती गिरणीत परत बसू लागली. पहिल्याच दिवशी तिनं गुरवाचा गहू कुणाकडे गेला असेल ते तीन प्रश्नांत सांगितलं, पण आता मागायला जाऊ नका असंही सांगितलं. दिवाळीनंतर सहा महिन्यांची तपासणी झाली. डॉक्टर कागद वाचून म्हणाले, सध्या काही नाही, तपासायला येत राहा. मी विचारलं, सध्या म्हणजे किती दिवस? डॉक्टर हसले. पूर्वी मी उत्तर घेतल्याशिवाय उठलो नसतो. त्या दिवशी उठलो.

नवस फेडायच्या दिवशी अक्का परळीहून सकाळीच आली. गिरणीतल्या मोठ्या काट्यावर मी हळदीकुंकू वाहिलं. सुमन काट्यावर चढता चढता थांबली. “मोहरी धरायची का काढून ठेवायची?”

मी विचारात पडलो. हा प्रश्न खरोखर अवघड होता. अक्का म्हणाली, चढ गं, देवीला दोनशे ऐंशी ग्रॅमचं काय. सुमन चढली, आकडा स्थिर झाला: साठ. मी पोतं ओढायला वाकलो तेव्हा ती वरूनच म्हणाली, “थांबा. तुम्ही पण या.”

“मी कशाला? नवस तुझ्या वजनाचा आहे.”

“वहीत काय लिहिलंय? खर्च एका कोयत्याचा. मग वजन अर्ध्या कोयत्याचं का?”

अक्काला यातलं काही माहीत नव्हतं, तरी तिनं ताबडतोब सुमनची बाजू घेतली. मी डोक्यात आकडा केला. माझं वजन अठ्ठ्याऐंशी, तरतूद बासष्टची. पण वहीत माझी सही होती. मी चपला काढून काट्यावर चढलो. तो काटा दोन माणसांसाठी केलेला नाही, तेव्हा पडू नये म्हणून तिनं माझा दंड धरला. एकशे अठ्ठेचाळीस. नवस स्वस्त होतोय म्हणून ज्याच्या मनात गुणाकार आला होता, त्याच्याकडून देवीनं फरक वसूल केला, तोही व्याजासकट.

पीठ कुठं द्यायचं यावर चर्चा झालीच नाही. आंबाजोगाईला देवीच्या पायाशी मूठभर ठेवलं आणि टेम्पो तेलगावकडे काढला. तिकडे उसाच्या फडाजवळ तोडणीच्या टोळ्या उतरलेल्या असतात. निघताना मी एक पोतं न मोजताच वर टाकलं. का टाकलं ते सांगता येणार नाही. सुमननं ते पाहिलं आणि ती टेम्पोत जाऊन बसली. फडावर मी खोप्याखोप्यातून त्या बाईला शोधत फिरलो. शिरूर कासारच्या बऱ्याच बायका भेटल्या, ती भेटली नाही. तिचा कोयता पुरा झाला का, हे मला अजून माहीत नाही. रोज दिवा लावताना मी देवीला आता तेवढंच विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता गिरणी चालू करतो. मला जे मिळालं ते कुणाच्या हातून मिळालं हे मला कळलेलं नाही. मिळालं एवढं पक्कं आहे, आणि मी त्याच्यापुढे नमतो. वही अजून लिहितो. पण पानावर वर आता कुणाचं नाव घालत नाही.

पीठ उतरवून घेताना टोळीतल्या एका म्हातारीनं पोत्यावर हात ठेवून विचारलं, “वजनाचं म्हनता, तर कुनाचं वजन हाय ह्ये?”

मी एरवी किलो आणि ग्रॅम सांगितले असते. सुमन टेम्पोजवळ उभी होती, डोक्यावर बोटभर केस आले होते, पदर खांद्यावर होता.

“एका कोयत्याचं,” मी म्हणालो.

म्हातारीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “पुरा हाय न्हवं?”

“पुरा.”